भोक पडलं की जॉब हलवू नका: हँड टॅप सरळ बसवण्याची रीत

आयटीआय संपवून मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपात लागलो, तेव्हाची गोष्ट. बिडाच्या एका कव्हरला चार भोकांत एम६चे, म्हणजे ६ मि.मी. बोल्टचे, आटे पाडायचे होते. ड्रिल मशीनवर चारही भोकं पाडली, कव्हर उचललं, बेंचच्या वाइसमध्ये बांधलं आणि टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हँडलमध्ये धरून सुरू झालो. तीन भोकं झाली. चौथ्यात टॅप कट्‌कन मोडला. मिस्त्री आले. मोडलेल्या टॅपकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. झालेल्या तीन भोकांत तीन लांब बोल्ट हातानेच फिरवून बसवले आणि बाजूला उभे राहिले. तीन बोल्ट, तीन दिशा.

"जॉब कशाला उचललास रं? भोक पडलं की टॅप तिथंच लावायचा."

एवढं बोलून ते चहाला गेले. हा लेख नवीन मुलांसाठी आहे आणि तो बराचसा त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. भोक पडतं तेव्हा त्याची सरळ रेषा मशीनला ठाऊक असते, कारण ती तिच्या स्पिंडलची, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याचीच रेषा असते. जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो तुकडा, उचलला की ती रेषा गेली. मग ती डोळ्याने परत शोधत बसावं लागतं, आणि नवख्याचा डोळा या बाबतीत भरवशाचा नसतो. माझा अजूनही नाही.

टॅप वाकडा जातो कसा

हँड टॅपचं तोंड निमुळतं असतं. सेटमधल्या पहिल्या टॅपचे सुरुवातीचे बरेच आटे उतरते घासलेले असतात, म्हणून तो भोकात सहज शिरतो. पण त्याच कारणाने तो तिरका असला तरी सहज शिरतो. सुरुवातीला टॅप भोकाला फक्त काठावर टेकलेला असतो, त्याला धरून ठेवणारं काही नसतं. दोन-तीन पूर्ण आटे कापले गेले की ते आटेच टॅपला पुढे नेतात. ते सरळ असतील तर सरळ, तिरके असतील तर तिरके.

त्यानंतर हँडल एका बाजूला दाबून टॅप सरळ करायला गेलात तर दोनच गोष्टी होतात. एक तर एका बाजूचे आटे जास्त कापले जाऊन बोल्ट सैल बसतो, नाही तर टॅप मोडतो. टॅपचं हाय स्पीड स्टील कडक असतं, पण त्याला वाकणं माहीत नसतं.

एक अंशाची तिरकस जवळून बघूनही कळत नाही. २० मि.मी. खोलीवर ती साधारण ०.३५ मि.मी. होते. त्याच भोकात १०० मि.मी. बाहेर राहणारा स्टड बसवा, त्याचं वरचं टोक पावणेदोन मि.मी. सरकलेलं दिसेल. वरचं कव्हर मग त्या स्टडवर उतरतच नाही, आणि मग कुणीतरी कव्हरची भोकं कानशीने मोठी करत बसतं.

टॅप हातात घेण्याआधी

टॅपिंगची निम्मी कटकट ड्रिलच्या मापात असते. सोपा हिशेब: टॅपच्या मापातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा. एम६चा पिच १, म्हणून ५ चं ड्रिल. एम८चा १.२५, उरले ६.७५, बाजारात ६.८ मिळतं. एम१०ला ८.५, एम१२ला १०.२. खाली एम५ला ४.२, एम४ला ३.३, एम३ला २.५. हे पाठच करा, रोज लागतं.

स्टीलमध्ये एम६साठी मी ५.१ लावतो. ५.० ने आट्यांची खोली साधारण ७७ टक्के मिळते, ५.१ ने ६९. बोल्टच्या पकडीत जाणवेल असा फरक पडत नाही, पण हँडलला लागणारा जोर बराच उतरतो. जोर कमी म्हणजे हात कमी डुलतो, हात कमी डुलला की टॅप सरळ राहतो. जुने लोक "भोक लहान तेवढे आटे पक्के" म्हणतात. भोक अति लहान ठेवलं की पक्कं काही होत नाही, टॅप मात्र आत राहतो.

भोकाच्या तोंडावर काउंटरसिंक (उतरता काठ) मारून घ्या, टॅपच्या मापापेक्षा जरासं मोठं. एम६ला साडेसहापर्यंत पुरे. ड्रिलने काठावर उठवलेली बर, म्हणजे धातूची धारदार कड, निघते, टॅपचं तोंड मधोमध बसतं आणि आटे पाडताना वरचा काठ फुगून येत नाही. कच्च्या कास्टिंगच्या खडबडीत पृष्ठभागावर तर हे हवंच. तिथे आधी पृष्ठभाग सपाट करून घेतलात तर उत्तम.

सेटमधले टॅप ओळखायला दांड्यावर कोरलेल्या रिंगा बघा. तीनच्या सेटमध्ये एक रिंग असलेला पहिला, दोन रिंगांचा दुसरा आणि बिनरिंगेचा शेवटचा. सुरुवात नेहमी एक रिंगवाल्याने. घाईत शेवटच्या टॅपने सुरुवात करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच्या तोंडाला उतार जवळजवळ नसतो, तो काठावरच नाचतो.

तेलाचं म्हणाल तर स्टीलला कटिंग ऑइल, ते नसेल तर आमच्याकडे खोबरेल तेल चालतं आणि चांगलं चालतं. ॲल्युमिनियमला रॉकेल. बीड आणि पितळ कोरडं. बिडाचा चुरा पिठासारखा असतो, तेल घातलं की त्याचा चिखल होऊन खाचांत बसतो.

ड्रिल मशीनवर, पायरीपायरीने

पिलर ड्रिल असो की बेंच ड्रिल, रीत एकच. हे पहिल्यांदा करताना सावकाश करा, दहाव्या भोकापासून हात आपोआप चालतो.

पहिली गोष्ट म्हणजे उंचीची मोजणी, आणि हीच सगळे विसरतात. गोल खांबाच्या ड्रिल मशीनचं टेबल खाली-वर केलं की ते खांबाभोवती थोडं फिरतंच. म्हणजे ड्रिल मारून झाल्यावर टॅप बसवायला जागा पुरत नाही म्हणून टेबल खाली घेतलं, की जॉब न उचलतासुद्धा रेषा गेली. म्हणून ड्रिल मारण्याआधीच जॉबवर टॅप उभा करून बघा. टॅप, त्याच्या चौकोनी टोकावर हँडल आणि वर चकात (ड्रिल धरणाऱ्या जबड्यांत) धरलेलं टेकूचं टोक, एवढं सगळं क्विल (स्पिंडल घेऊन खाली-वर होणारी नळी) वर असताना मावतंय का? आणि त्याच उंचीवर, क्विल खाली आणून ड्रिल जॉबच्या आरपार पोचतंय का? दोन्ही जमेल अशी एकच उंची शोधा आणि टेबल घट्ट करा. लांब ड्रिल अडचणीचं होत असेल तर आखूड ड्रिल घ्या.

मग जॉब वाइसमध्ये, आणि वाइस टेबलाला बोल्टने बांधलेला. वाइस नुसता हाताने धरून एम५चं भोक पाडता येतं हे मलाही माहीत आहे. पण मग ड्रिल काढून टॅप बसवेपर्यंत वाइस जागेवर राहिला की नाही, हे सांगणारं कुणी नसतं. वाइसचा तळ आणि टेबल पुसून घ्या. खाली अडकलेला एक चुरा सगळी मेहनत वाया घालवतो.

सेंटर पंच, भोक, काउंटरसिंक, एवढं झालं की मशीन बंद करा. बटणाने तर कराच, पण प्लगही काढा. पुढचं सगळं काम हाताचं आहे आणि हात चकाजवळ असणार आहेत. चकाची किल्ली काढून बाजूला ठेवा.

आता चकात ६० अंशाचं टोक असलेली एखादी दांडी धरा. दुरुस्तीतून उरलेल्या सेंटरचा तुकडाही चालतो, फक्त तो चकात न डुलता फिरतोय ना ते बघा. जरा मोठ्या टॅपच्या पाठीवर, चौकोनाच्या मधोमध, सेंटर होल असतं. ते टोक त्यात बसतं. लहान टॅपना बहुतेक वेळा खड्ड्याऐवजी पाठीवरही टोकच असतं. त्यांच्यासाठी दुसरी दांडी ठेवा, जिच्या तोंडाला सेंटर ड्रिलने छोटा खड्डा केलेला असेल. टॅप हातात घेऊन पाठ बघितल्याशिवाय ठरवू नका.

हँडल दोन हातांचं, आडवं घ्या. टी हँडलमध्ये टॅपचं चौकोनी टोक आत लपतं, वरून टेकू देता येत नाही. टॅप काउंटरसिंकमध्ये उभा करा, क्विल खाली आणून टोक त्याच्या पाठीत हलकेच टेकवा. या क्षणी टॅपचं तोंड भोकात आणि पाठ स्पिंडलच्या रेषेत. दोन्ही टोकं बांधली गेली, आता त्याला वाकडं व्हायला जागाच नाही.

एका हाताने क्विलचा दांडा हलकेच दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. पहिल्या दीड-दोन फेऱ्यांना थोडा दाब लागतो, टॅप धातूत रुजेपर्यंत. रुजला की हाताला कळतं, तो स्वतःच आत ओढला जातो. तिथून पुढे दाबायचं नाही, क्विल नुसती मागोमाग येऊ द्यायची. टॅप एका फेरीत एका पिचएवढाच उतरतो, एम६ असेल तर बरोबर १ मि.मी. तुम्ही त्याहून जोरात ढकललंत तर कापलेले आटे सोलून निघतात.

अर्धी-पाऊण फेरी पुढे, पाव फेरी मागे. मागे फिरवताना चिप तुटल्याचा बारीक टक्‌ जाणवतो. तो जाणवला की परत पुढे. पाच-सहा पूर्ण आटे झाल्यावर टोक काढलं तरी चालतं, टॅप आता स्वतःच्या आट्यांवर चालतोय. मी मात्र शेवटपर्यंत ठेवतो. काढून काही मिळत नाही.

दुसरा आणि तिसरा टॅप लावताना टेकू लागत नाही असं वाटतं, पण सुरुवात जपूनच करा. टॅप आधी फक्त बोटांनी फिरवून जुन्या आट्यांत बसवा, बसल्याचं जाणवलं की मगच हँडल लावा. बोटांनी न बसता हँडलने बसवलात तर तो नवीन आटे शेजारी कापायला लागतो आणि भोक वाया जातं.

ब्लाइंड होल (आरपार नसलेलं भोक) असेल तर ड्रिल आट्यांपेक्षा किमान चार-पाच पिच जास्त खोल मारा, आणि मधे दोन-तीनदा टॅप पूर्ण बाहेर काढून चुरा झटका. टॅपच्या दांड्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. तळाला टेकलेला टॅप आणि वाकडा टॅप, दोन्ही सारख्याच आवाजात मोडतात.

टेकू देणारी दांडी जवळ नसेल तर आणखी एक उपाय आहे. टॅपच चकात हलका धरायचा, प्लग काढलेला, आणि चक हाताने फिरवायचा, क्विल सोबत खाली आणत. तीन-चार आटे झाले की चक सैल करून क्विल वर घ्यायची आणि बाकीचं हँडलने. एम६पर्यंत हे छान जमतं. त्याच्यावर टॅपचा कडक गुळगुळीत दांडा जबड्यांत घसरतो आणि ओरखडतो. मोटर चालू करून टॅप मारायचा मोह कुणाला झाला तर सांगतो, साध्या ड्रिल मशीनला उलटं फिरवायची सोय नसते आणि थांबायला तिला वेळ लागतो. हँड टॅप त्यासाठी नाही.

लेथवर

लेथवर भोक आणि टॅप एका रेषेत आणणं ड्रिल मशीनपेक्षाही सोपं, कारण टेलस्टॉक (चकासमोरचा सरकता आधार) बेडवर सरकतो आणि रेषा सोडत नाही. जॉब चकात, फेसिंग, सेंटर ड्रिल, मग टेलस्टॉकमधून ड्रिल, मग काउंटरसिंक. ड्रिल चक काढून टेलस्टॉकमध्ये सेंटर घाला. मेन स्विच बंद. सर्वांत कमी स्पीडचा गिअर टाकून ठेवलात की चक जड होतो, सहज फिरत नाही.

टॅपचं तोंड भोकात, पाठ सेंटरवर, हँडल टॅपच्या चौकोनावर. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने टेलस्टॉकचं हँडव्हील. हीच इथली खरी कसरत आहे. दोन्ही हात सारख्या चालीने चालायला हवेत: टॅप जेवढा आत जाईल तेवढंच हँडव्हील फिरायचं. मागे पडलात की टॅपची पाठ सेंटरवरून सुटते. ड्रिल मशीनवर टॅप उभा असतो, तिथे एखादवेळी सुटलं तरी निभावतं. लेथवर टॅप आडवा आहे, सेंटर सुटलं की हँडलचं वजन त्याला खाली ओढतं. पहिल्या दोन फेऱ्यांत हे झालं तर आटे तिथेच तिरके झाले समजा.

कॅरेज (कापायचं हत्यार नेणारा सरकता भाग) हँडलच्या वाटेतून सरकवून ठेवा. सेंटर हाइट १५० मि.मी. असली तर २०० मि.मी. लांबीचं हँडल पूर्ण फेरी घेतं. लहान लेथवर ते बेडला अडत असेल तर लहान हँडल घ्या, अर्धवट फेऱ्या मारत बसू नका.

काही जण उलट करतात. हँडलची एक बाजू कंपाउंड स्लाइडवर टेकवतात आणि चक हाताने फिरवतात. हे चांगलं जमतं, फक्त टॅप आत जाईल तसं हँडल स्लाइडवरून मोकळं सरकायला हवं. चक हातानेच. मोटरवर हे करणारे कारागीर आहेत, त्यांना बघा आणि तेवढ्यावर थांबा. हँडल निसटून गरकन फिरलं तर मनगट मोडतं.

टॅप ड्रिल चकात धरून, टेलस्टॉकचा बोल्ट सैल करून तो अख्खा सरकू द्यायचा, हीसुद्धा रीत आहे. एम८, एम१०ला बरी. एम३ किंवा एम४ला नको, कारण जड टेलस्टॉक ओढून आणायची ताकद तेवढ्याशा आट्यांत नसते.

एक तपासणी मात्र आधीच करा. टेपर टर्निंगसाठी कुणी टेलस्टॉक बाजूला सरकवला असेल आणि परत आणला नसेल, तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ. हेडस्टॉकमध्ये एक सेंटर, टेलस्टॉकमध्ये दुसरं, दोन्ही टोकं जवळ आणून मधे स्टील रूल हलकेच दाबा. रूल सरळ राहिला तर ठीक. तो तिरका झाला तर टेलस्टॉक सरकलेला आहे.

मिलिंगवर

मिलिंग मशीनवर ड्रिल मशीनचीच रीत, फक्त टेकू देणारं टोक कोलेटमध्ये. हेड कलतं असेल तर ते टेबलाला काटकोनात आहे का हे डायल इंडिकेटर फिरवून बघा. हेड कललेलं असेल तर भोक आणि टॅप एकमेकांना सरळ राहतील, पण जॉबला दोन्ही तिरके. एकाच प्लेटवर आठ भोकं असतील तेव्हा नवीन माणूस आधी आठही ड्रिल मारतो आणि मग टॅपसाठी परत फिरतो. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) असेल तर चालेल. नुसत्या हँडव्हीलच्या डायलवर असाल तर बॅकलॅशची, म्हणजे स्क्रूमधल्या ढिलेपणाची, आठवण ठेवा, प्रत्येक भोकाकडे एकाच बाजूने या. मला विचाराल तर एका भोकाचं ड्रिल, काउंटरसिंक आणि पहिला टॅप संपवूनच पुढच्याकडे जा. हत्यारं बदलायला वेळ जातो, जाऊ द्या.

स्प्रिंगचा टेकू स्वतः बनवा

क्विलवर एक हात आणि हँडलवर एक हात, ही कसरत टाळायची असेल तर स्प्रिंगवाला टेकू बनवा. विकतही मिळतो, पण लेथ शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला सरावाचा जॉब नाही.

१६ मि.मी. व्यासाचा, ८० लांबीचा ब्राइट बार घ्या. मागचा २५ मि.मी. भाग १२ व्यासाला टर्न करा, म्हणजे १३ च्या ड्रिल चकात मावेल. पुढून १० मि.मी.चं भोक ५० खोल, रीमर मारून गुळगुळीत. आत सरकणारी दांडी सिल्व्हर स्टीलची, १० व्यासाची, ५० लांब. ती भोकात सरकली पाहिजे, हलली नाही पाहिजे. तिच्या एका तोंडाला ६० अंशाचं टोक, दुसऱ्या तोंडाला सेंटर ड्रिलचा खड्डा. दांडीच्या बरोबर मध्यावर १६ मि.मी. लांब, ४ रुंद खाच. बाहेरच्या नळीला तोंडापासून ७ मि.मी.वर एम४चा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा), जो त्या खाचेत उतरेल. खाच मधोमध असल्यामुळे दांडी उलटी घातली तरी तीच मापं लागू होतात: टोक हवं तेव्हा टोक बाहेर, खड्डा हवा तेव्हा खड्डा.

आत स्प्रिंग, भोकात मोकळी बसणारी, सैल असताना साधारण ३० मि.मी. आणि पूर्ण दाबल्यावर १० च्या आत येणारी. जोरदार नको. तिचं काम टॅपच्या पाठीला चिकटून राहणं एवढंच. नळीच्या तळाजवळ आडवं २ मि.मी.चं भोक पाडा, नाही तर आत कोंडलेली हवा दांडीला सरकू देत नाही. हे मी पहिल्या वेळी विसरलो होतो आणि अर्धा तास स्प्रिंगला दोष देत बसलो.

या मापांत दांडी १२ मि.मी. सरकते. एम६च्या बारा फेऱ्या किंवा एम१०च्या आठ फेऱ्या क्विलला हात न लावता होतात. क्विल खाली आणायची, स्प्रिंग दाबली गेली की क्विल लॉक करायची आणि दोन्ही हात हँडलवर. ग्रब स्क्रूच्या त्या एम४च्या भोकात मात्र टॅप आधीच्या साध्या दांडीचा टेकू देऊनच मारावा लागतो, त्याला इलाज नाही.

जॉब मशीनवर चढतच नसेल तर

मोठं कास्टिंग, बसवलेली मशीन, जागेवरची दुरुस्ती. इथे मशीन नाही म्हणून मशीनचा तुकडा घेऊन जा: गाइड ब्लॉक. २०-२५ मि.मी. जाडीचा, तळ सपाट केलेला लोखंडी ठोकळा, ड्रिल मशीनवर त्यात टॅप सैल न हलता फिरेल एवढंच भोक. तळाला भोकाजवळ कानशीने एक खाच, चुरा बाहेर यायला. ठोकळा जॉबवर दाबून धरायचा, त्यातून टॅप फिरवायचा. चार-पाच आटे झाले की टॅप उलटा फिरवून ठोकळ्यासकट काढा आणि ठोकळ्याशिवाय, बोटांनी, त्याच आट्यांत परत बसवा. ठोकळा ठेवूनच शेवटपर्यंत जाऊ नका. काही टॅपचा दांडा आट्यांपेक्षा किंचित जाड असतो, तो भोकात अडकतो.

ठोकळाही नसेल तर गुण्या. दीड फेरी झाली की हँडल काढा आणि गुण्या टॅपच्या दांड्याला लावा. आट्यांना लावू नका, तोंड निमुळतं असल्यामुळे ते फसवतात. एकदा समोरून, एकदा ९० अंश फिरून बाजूने. नवखे फक्त समोरून बघतात, आणि टॅप नेमका त्यांच्याकडे किंवा त्यांच्यापासून दूर झुकलेला असतो. चूक दिसली तर दुरुस्तीची संधी याच दीड-दोन फेऱ्यांत आहे: अर्धी फेरी मागे घ्या आणि ज्या बाजूला झुकलाय त्याच्या उलट किंचित दाब देत पुढे फिरवा. परत गुण्या.

गुण्या आत जात नाही अशा अडचणीच्या जागी दाढीच्या आरशाचा तुकडा भोकाशेजारी सपाट ठेवा. टॅप आणि आरशातला टॅप मिळून एक सरळ रेषा दिसली पाहिजे. मोडून दिसली तर टॅप तिरका. हेही दोन बाजूंनी बघायचं.

हाताला काय कळतं

हँडल सोडल्यावर ते थोडं मागे उसळलं, तर टॅप आत पिळला जातोय. लगेच उलटा फिरवा. फेरीच्या एका भागात जड आणि दुसऱ्या भागात हलकं लागत असेल तर टॅप तिरका आहे किंवा तुम्ही एका हाताने जास्त दाबताय. सलग जड होत जात असेल तर चुरा भरलाय. एम४च्या टॅपला फूटभर हँडल लावलंत तर यातलं काहीच कळणार नाही, सरळ मोडल्याचंच कळेल.

मोडलाच तर तुकडा भोकाबाहेर असेपर्यंत आशा असते, प्लायरने धरून मागे-पुढे हलवा. आत गेला असेल तर साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही, उगाच ड्रिल घालवू नका. महाग जॉब असेल तर स्पार्क मशीनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं मशीन) न्या. पितळ किंवा ॲल्युमिनियमचा छोटा जॉब असेल तर तुरटीच्या दाट गरम पाण्यात बुडवून ठेवा. ते स्टील हळूहळू खातं, पण तास नाही, दिवस मोजायची तयारी ठेवा.

सरावासाठी

२५ बाय १२ ची लोखंडी पट्टी घ्या, २०० लांब. तिच्यावर २० मि.मी. अंतराने आठ भोकं आखा, ५ चं ड्रिल. चार भोकं आधी पाडून पट्टी वाइसमध्ये बांधा आणि नुसत्या डोळ्याने एम६चे आटे पाडा. उरलेली चार ड्रिल मशीनवर, टेकू देऊन, एकेक भोक पूर्ण करत. मग आठही भोकांत ८० मि.मी.चे बोल्ट बसवा, पट्टी टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या उंचीला आणून एका टोकाकडून बघा. मशीनवरचे चार बोल्ट एकामागे एक लपलेले दिसतील. बाकीच्या चारांपैकी किती दिसतात ते मोजा आणि पट्टीवर तारीख टाकून ठेवा. महिन्याने दुसरी पट्टी करून तिच्याशेजारी ठेवता येईल.